१८५२ चा मुंबईकरांचा अर्ज : सारा घेता, मग रस्ते कुठे आहेत?

बोरघाट (धागाकर्ता)

२६ ऑगस्ट १८५२ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये सभा भरली आणि ‘बॉम्बे असोसिएशन’ स्थापन झाली. अध्यक्ष नाना शंकरशेट, मानद अध्यक्ष सर जमशेटजी जीजीभाई, चिटणिसांमध्ये डॉ. भाऊ दाजी लाड. दादाभाई नौरोजी आणि नौरोजी फर्दुनजी ही तेव्हाची तरुण मंडळीही त्यात होती. शाळेच्या पुस्तकात ‘राजकीय संस्थांचा उदय’ या मथळ्याखाली हे नाव एका ओळीत येऊन जातं. या संस्थेनं पहिल्या काही महिन्यांत जे काम केलं, ते मला फार मोलाचं वाटतं आणि त्यावर मराठीत पुरेसं बोललं जात नाही, म्हणून हा धागा. ते काम म्हणजे लंडनच्या पार्लमेंटला पाठवलेला अर्ज.

वेळ नेमकी होती. कंपनीची सनद १८३३ च्या कायद्यानं १८३४ पासून वीस वर्षांसाठी मिळालेली, ती १८५४ मध्ये संपणार होती. पुढे हिंदुस्थानचा कारभार कसा चालवायचा हे ठरवायला लंडनमध्ये पार्लमेंटच्या समित्या साक्षी घेत होत्या. साक्षीदार बहुतेक कोण, तर कंपनीचे आजी-माजी अधिकारी. कारभार ज्यांनी केला त्यांनाच विचारायचं की कारभार कसा झाला. ज्यांच्यावर कारभार चालला त्यांचं म्हणणं तिथे पोचायचं तर एकच वाट होती, अर्जाची. म्हणून कलकत्त्याची ब्रिटिश इंडियन असोसिएशन, मद्रासची नेटिव्ह असोसिएशन आणि मुंबईची ही संस्था अशा तिघींनी साधारण एकाच सुमारास अर्ज केले.

मुंबईच्या अर्जातल्या मोठ्या मागण्या आपल्याला परिचित आहेत. कौन्सिलात इथले लोक घ्या, वरच्या नोकऱ्या इथल्या लायक माणसांना खुल्या करा, कारभाराचा अवाढव्य खर्च आटोक्यात आणा. माझं लक्ष मात्र रस्ते, पूल आणि शिक्षण यांच्या मागणीवर खिळलं. इतका महसूल गोळा होतो, त्यातला किती थोडा भाग या मुलखाच्या सुधारणेवर लागतो, हा हिशेब तिथे मागितला आहे. याआधी इथल्या रयतेनं राजाकडे गाऱ्हाणी नेली नव्हती असं नाही. साऱ्यात सूट मागितली जायची, वतनाचा तंटा नेला जायचा. पण सरकारला मिळणारा पैसा एका बाजूला मांडायचा, दुसऱ्या बाजूला सरकारनं बांधलेले रस्ते मांडायचे, आणि मधल्या तफावतीचा जाब थेट पार्लमेंटकडे मागायचा, हे मुंबई इलाख्यात नवं होतं.

तेव्हाची परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. बोरघाटातून गाडी जाईल असा रस्ता १८३० साली झाला, म्हणून पुण्याकडची वाट तरी बरी. वऱ्हाड-खानदेशाचा कापूस मुंबईला यायचा तो बराचसा बैलांच्या पाठीवरून, लमाणांच्या तांड्यांनी. तांडा खाली येताना कापूस आणायचा आणि वर जाताना मीठ न्यायचा. आठवडेच्या आठवडे वाटेत जात. धुळीनं माल खराब व्हायचा आणि पावसाळ्यात वाहतूकच बंद. एका जिल्ह्यात धान्य स्वस्त आणि शेजारच्या जिल्ह्यात उपासमार, हे त्या काळी घडायचं त्यात रस्ते नसण्याचा वाटा मोठा होता. शेतकऱ्यानं सारा रोख भरायचा, तर माल बाजारात पोचायला हवा. तो पोचवायची सोय सारा घेणाऱ्यानं केलेली नाही, ही त्यातली खरी अडवणूक.

पैसा का मिळत नव्हता? एक तर फौज, पगार आणि कर्जाचं व्याज यांतच बहुतेक महसूल संपायचा. दुसरं, सार्वजनिक बांधकामं मिलिटरी बोर्डाकडे होती. बराकी बघणारं खातंच पूल आणि पाट बघणार. आणि १८३३ च्या कायद्यानं तिजोरीच्या चाव्या कलकत्त्याला गेलेल्या, त्यामुळे मुंबई सरकारलाही मोठ्या कामासाठी गव्हर्नर जनरलची, पुष्कळदा पार लंडनची मंजुरी लागे. कोकणातल्या एखाद्या खाडीवर पूल हवा की नको हे कोण ठरवणार, तर ती खाडी कधी न पाहिलेला माणूस.

जॉन ब्राइट हा आधी मँचेस्टरचा आणि नंतर बर्मिंगहॅमचा खासदार पुढे १८५८ मध्ये कॉमन्समध्ये, म्हणजे पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणाला होता की, १८३४ ते १८४८ या चौदा वर्षांत कंपनीनं सगळ्या हिंदुस्थानात मिळून सार्वजनिक कामांवर जेवढं खर्च केलं, त्याहून जास्त पैसा एकट्या मँचेस्टर शहरानं आपल्या नळाच्या पाण्यावर घातला. ब्राइटला कापडगिरण्यांसाठी कापूस हवा होता हे उघड आहे. पण मुंबईच्या अर्जातलं गाऱ्हाणं त्यानं एका वाक्यात पार्लमेंटला समजावलं.

हाती काय आलं? ३ जून १८५३ ला हिंदुस्थानचा कारभार पाहणारा ब्रिटिश मंत्री सर चार्ल्स वुड यानं पाच तास भाषण करून विधेयक मांडलं. कायदा झाला. सनदी नोकऱ्यांसाठी स्पर्धा परीक्षा आली, पण ती लंडनमध्ये. बारा जणांचं विधिमंडळ आलं, त्यात एकही हिंदी माणूस नाही. नानांच्या मंडळींच्या मुख्य मागणीला थेट नकार. मात्र १८५४ मध्ये डलहौसीच्या काळात मिलिटरी बोर्डाकडून कामं काढून स्वतंत्र सार्वजनिक बांधकाम खातं उभं राहिलं. ते केवळ या अर्जांमुळे झालं असं मी म्हणणार नाही. कापूस व्यापाऱ्यांचा रेटा होता, रेल्वेचं वारं होतं, डलहौसीची स्वतःची घाईही होती. पण त्याआधी रस्ते आणि पाटबंधारे हा पार्लमेंटपुढचा विषय झाला होता, आणि तो करण्यात इथल्या लोकांचा हात होता. याची नोंद आपण ठेवायला हवी असं मला मनापासून वाटतं.

अर्ज गेल्यानंतर असोसिएशनमधल्या काही शेठ मंडळींनी अंग काढून घेतलं, सरकारची मर्जी जाईल म्हणून. नाना आणि भाऊ दाजी ठाम राहिले. दुसरा अर्जही गेला.

---

सातारची मीनल

उत्तम विषय. यात एक नाव जोडते, रंगो बापूजी गुप्ते. छत्रपती प्रतापसिंहांना १८३९ मध्ये पदच्युत केल्यावर त्यांची बाजू मांडायला हे वकील म्हणून लंडनला गेले आणि जवळजवळ चौदा वर्षं तिथेच राहिले. महाराज १८४७ मध्ये काशीला वारले, तरी हे मागे हटले नाहीत. कंपनीचे भागधारक, संचालक, खासदार, सगळ्यांचे उंबरे झिजवले. म्हणजे मुंबईचा अर्ज लिहिला जात होता तेव्हा पार्लमेंटकडे दाद मागणारा एक मराठी माणूस लंडनमध्ये हजर होता. परत आल्यावर १८५७ च्या उठावाच्या तयारीत ते होते. त्यांचा मुलगा सीताराम साताऱ्याला फाशी गेला आणि स्वतः रंगो बापूजी जे नाहीसे झाले ते सापडलेच नाहीत.

अर्ज करून थकलेला माणूस पुढे काय करतो, याचंही हे उदाहरण आहे.

---

पाटकरी

लेख आवडला, पण माझा एक मूलभूत आक्षेप आहे. या अर्जावर सह्या कोणाच्या? मुंबईचे व्यापारी, शेठ, डॉक्टर, शिक्षक. सारा भरणारा कुणबी त्यात कुठे होता? रस्ता झाला तर कापसाच्या दलालाचा फायदा आधी, शेतकऱ्याचा नंतर.

पुढची गोष्ट सांगतो म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. १८६० च्या दशकात मुंबई सरकारनं साऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी बसवली आणि १८६९ च्या कायद्यानं ती पक्की केली. दोन तृतीयांश रस्त्यांसारख्या स्थानिक कामांना, एक तृतीयांश शिक्षणाला. म्हणजे ‘रस्ते द्या, शाळा द्या’ या मागणीला सरकारनं दिलेलं उत्तर होतं, ‘घ्या, पण तुमच्याच खिशातून.’ आणि ती पट्टी पडली शेतकऱ्यावर. १९ ऑक्टोबर १८८२ ला जोतीराव फुल्यांनी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे जे निवेदन दिलं त्यात हेच आहे. महसूल रयतेच्या कष्टातून येतो, खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. जोतीराव स्वतः बांधकामाचे कंत्राटदार होते, पुणे नगरपालिकेचे सभासद होते, सरकारी कामात पैसा कुठे मुरतो हे त्यांनी जवळून पाहिलेलं. सार्वजनिक कामांबद्दल त्या काळात इतक्या अधिकारानं बोलणारा दुसरा माणूस मला दिसत नाही.

---

बोरघाट

@पाटकरी, सह्यांबद्दल तुमचं म्हणणं मान्यच. शहरातल्या मालदार आणि शिकलेल्या लोकांचा तो अर्ज होता. फक्त एक गोष्ट बाजूला ठेवू नये. ज्यांना सरकारकडून कंत्राटं, पदव्या, मानमरातब मिळत होते त्यांनी गप्प राहणं सोपं होतं. काही जण राहिलेही. जे राहिले नाहीत त्यांनी स्वतःच्या सोयीविरुद्ध एक पाऊल टाकलं. आणि खर्चाचा हिशेब मागायची जी रीत त्यांनी पाडली, तीच जोतीरावांच्या निवेदनात जास्त धारदार होऊन येते असं मला वाटतं. पैसा कोणाचा आणि तो जातो कुठे, हा प्रश्न दोन्हीकडे आहे.

---

पाटकरी

प्रश्न सारखा, पण विचारणारा बदलला की उत्तर बदलतं. १८५२ च्या अर्जात कौन्सिलमध्ये जागा मागितली, ती १८६१ च्या कायद्यानं काही अंशी मिळाली आणि १८६२ मध्ये नाना शंकरशेट मुंबईच्या कायदेमंडळात बसले. जोतीरावांनी मागितल्या त्या गावच्या शाळा मिळायला किती पिढ्या गेल्या?

---

अड्यारचा कुलकर्णी

मी गेली अनेक वर्षं चेन्नईत आहे, म्हणून मद्रासच्या अर्जाबद्दल लिहितो. पाटकरींच्या प्रश्नाला तो काहीसं उत्तर देतो.

मद्रास नेटिव्ह असोसिएशनचे पुढारी गाझुलु लक्ष्मीनरसू चेट्टी. हे निळीच्या आणि कापडाच्या व्यापारातले श्रीमंत गृहस्थ, ‘क्रेसेंट’ नावाचं वर्तमानपत्र चालवायचे. म्हणजे तेही शेठच. पण त्यांच्या अर्जाचा गाभा शेतकरी होता. रयतवारीचा जाच, मिठाची मक्तेदारी, वेळखाऊ न्यायालयं, रस्त्यांची वाण, तलाव आणि कालव्यांची आबाळ. तमिळ मुलखात शेती तलावांवर चालते. गावोगावच्या ‘एरी’ गाळानं भरल्या, बांध फुटले, तरी सारा मात्र पाणी असल्यासारखाच वसूल होत होता. आर्थर कॉटननं कावेरीवर १८३० च्या दशकात आणि गोदावरीवर धवळेश्वरमला १८४७ ते १८५२ या काळात बंधारे बांधून दाखवले होते की पाण्यावर घातलेला पैसा सरकारलाही परत मिळतो. ज्या जिल्ह्यांत ही कामं झाली आणि ज्यांत झाली नाहीत, त्यांतला फरक सगळ्यांना दिसत होता.

आणि सर्वांत गंभीर तक्रार अशी की सारा वसूल करताना खालचे सरकारी नोकर रयतेचा छळ करतात. बोटं चेपायची किट्टी, माणसाला वाकवून उन्हात बांधून ठेवणं. लंडनमध्ये आधी कोणी विश्वास ठेवेना. डॅनबी सेमूर नावाचा खासदार १८५३ मध्ये इथे आला, लक्ष्मीनरसूंनी त्याला जिल्ह्यांत फिरवलं, लोकांना भेटवलं. १८५४ मध्ये कॉमन्समध्ये चर्चा झाली, चौकशी आयोग नेमला गेला आणि १८५५ च्या अहवालात छळ होतो हे सरकारी कागदावर कबूल झालं. आयोगापुढे तक्रार मांडायला दूरदूरच्या जिल्ह्यांतून लोक आले.

मला हे तिन्ही अर्जांमधलं सर्वांत मोठं यश वाटतं.

---

बोरघाट

@अड्यारचा कुलकर्णी, फार महत्त्वाची भर. मुंबईच्या अर्जात हे इतकं ठसठशीत नाही, आणि मद्रासची बाजू मराठीत जवळपास कोणी सांगत नाही. खासदाराला प्रत्यक्ष शेतावर नेणं हे काम कागदाच्या बरोबरीचं आहे.

---

अनुजा के

एक प्रश्न. हे अर्ज प्रत्यक्ष जायचे कसे आणि पार्लमेंटमध्ये त्यांचं काय व्हायचं? कोणीही पाठवला की घेतला जायचा का?

---

बोरघाट

@अनुजा के, सुएझ कालवा १८६९ चा. तेव्हा मुंबईहून आगबोटीनं सुएझ, तिथून जमिनीवरून अलेक्झांड्रिया, पुन्हा बोट. महिना-सव्वा महिना सहज लागायचा.

कोणीही थेट पार्लमेंटमध्ये अर्ज देऊ शकत नव्हतं, सभासदानंच तो मांडायचा. कॉमन्ससाठीचे नियमही कडक. अर्ज छापील चालायचा नाही, हातानं लिहिलेला हवा. भाषा आदराची हवी, शेवटी नेमकी विनंती हवी, आणि निदान काही सह्या तरी विनंती असलेल्या कागदावरच हव्यात. १८४२ पासून अर्ज मांडताना त्यावर भाषणं करायला बंदी झाली, कारण दरवर्षी हजारोंनी अर्ज येत आणि सभागृहाचा वेळ त्यातच जाई. सभापतींच्या खुर्चीमागे एक पिशवी असते, तीत अर्ज टाकायचा. मग अर्जांची समिती त्याची नोंद घेऊन सारांश छापायची. तेवढ्यावर थांबलं तर अर्ज पिशवीतच मेला. म्हणून लंडनमध्ये पाठपुरावा करणारं कोणी हवंच. १८५३ मध्ये तिथे जॉन डिकिन्सन वगैरेंची इंडिया रिफॉर्म सोसायटी निघाली, ती आणि ब्राइटसारखे खासदार हे काम करत होते. पुढे दादाभाईंनी आपली हयात त्यात घातली.

---

गिरगावकर

मुंबई शहरापुरतं बोलायचं तर १८५० च्या दशकात खरी ओरड पाण्याची होती. विहिरी आणि तलाव आटले की हाहाकार. विहारचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि १८६० मध्ये पाणी आलं.

पण पुढचा भाग मला जास्त शिकवून जातो. १८६५ मध्ये नवा म्युनिसिपल कायदा आला, आर्थर क्रॉफर्ड आयुक्त झाले. रस्ते, गटारं, मंडया यांची कामं धडाक्यात झाली, आणि खर्च असा वाढला की १८७१ मध्ये करदाते रस्त्यावर आले. सभा, अर्ज, ठराव. नौरोजी फर्दुनजी त्यात पुढे होते, तरुण फिरोजशहा मेहताही त्याच वेळी बोलू लागले. १८७२ चा कायदा झाला आणि १८७३ मध्ये करदात्यांनी निवडलेले सभासद आले. म्हणजे १८५२ मध्ये गाऱ्हाणं होतं की कामं होत नाहीत, आणि वीस वर्षांनी गाऱ्हाणं होतं की आम्हाला न विचारता होतात. या दोन गाऱ्हाण्यांमध्ये शहरानं केवढं अंतर कापलं! त्याच १८७३ साली नौरोजी फर्दुनजी लंडनला जाऊन पार्लमेंटच्या अर्थसमितीपुढे साक्ष देऊन आले.

---

पर्वतीपायथा

पुण्याचं नाव अजून कसं आलं नाही?

२ एप्रिल १८७० ला सार्वजनिक सभा निघाली, गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काकांच्या पुढाकारानं. निमित्त पर्वती देवस्थानाच्या कारभाराबद्दलच्या तक्रारींचं. पाटकरींनी विचारलं ना, की सह्या कोणाच्या? सभेनं हा प्रश्न पहिल्याच दिवशी अंगावर घेतला होता. सभासद व्हायचं तर निदान पन्नास सज्ञान माणसांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. सुरुवातीच्या ९५ सभासदांच्या पाठीशी अशी सहा हजारांच्या घरात माणसं होती. मतदानाचा हक्क नसलेल्या देशात प्रतिनिधी कसा ठरवायचा, याचं उत्तर पुण्यातल्या माणसांनी स्वतः शोधलं.

१८७५ मध्ये सभेनं कॉमन्सकडे अर्ज केला की पार्लमेंटमध्येच हिंदुस्थानचे प्रतिनिधी घ्या. तो मान्य होणार नव्हताच. मग १८७६-७७ चा दुष्काळ आला. न्यायमूर्ती रानडे तेव्हा सभेच्या कामामागे उभे होते. तालुक्यातालुक्यांतून माहिती गोळा करून सभा सरकारकडे निवेदनांवर निवेदनं पाठवत राहिली. पाऊस किती, भाव किती, गुरं किती मेली, माणसं गाव सोडून कुठे चालली. दुष्काळासाठी सरकारनं खास नेमलेले सर रिचर्ड टेंपल दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबानं मजुरी कापत होते, त्याविरुद्ध सभेनं आकड्यांनिशी लढा दिला.

---

पाटकरी

@पर्वतीपायथा, मुखत्यारपत्राचा मुद्दा खणखणीत आहे. मी ज्याची वाट बघत होतो ते हेच.

दुष्काळाबद्दल पुढचं मी सांगतो, कारण आमच्या भागात त्या कामांवरच्या मातीत आजही पाणी वाहतं. नीरेचा डावा कालवा दुष्काळी काम म्हणूनच सुरू झाला, १८८५ मध्ये त्यात पाणी सुटलं. दौंड-मनमाड रेल्वेच्या भरावावरही दुष्काळी मजूर होते. १८७७ च्या जानेवारीत टेंपलची मजुरी लागू झाली, आणि गावाजवळची कामं बंद करून लोकांना दूरच्या मोठ्या कामांवर धाडायला सुरुवात झाली, तेव्हा या मजुरांनी कामं सोडली. हजारो उपाशी माणसं कमी मजुरीवर काम करायला नकार देऊन चालती झाली. त्यांच्याकडे लिहिता येणारं कोणी नव्हतं, लंडनचा पत्ता नव्हता. माझ्या लेखी तोही अर्जच होता, आणि सभेचं मोठेपण हे की तिनं तो वाचला आणि सरकारपुढे शब्दांत ठेवला. शहरातल्या शिकलेल्या माणसांनी काय करायला हवं याचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही.

---

सातारची मीनल

@पाटकरी, ‘तो वाचला’ हे फार पटलं.

---

अनुजा के

आज हा मार्ग उरला आहे का? आमच्या गावचा ओढ्यावरचा पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातो, मुलं शाळेत जाऊ शकत नाहीत. कार्यालयात अर्ज देऊन पोच घेतली, पुढे काही हालचाल नाही.

---

गिरगावकर

@अनुजा के, आहे. महाराष्ट्र विधिमंडळात विनंती अर्ज समिती आहे. दिल्लीत तर ही व्यवस्था १९२४ पासूनची, तेव्हाच्या केंद्रीय कायदेमंडळात अर्जांसाठी समिती नेमली गेली, तिचीच परंपरा लोकसभेच्या याचिका समितीत चालू आहे. तिथे खासदारामार्फत याचिका मांडायची तर त्याची प्रतिस्वाक्षरी लागते, म्हणजे १८५२ सारखंच, सभासद गाठावा लागतो. तुमचा पूल राज्याच्या किंवा जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत असणार, तेव्हा आधी आमदारांकडे जा. पोच जपून ठेवा. किती दिवस शाळा बुडाली याची हजेरीपटावरून नोंद काढा, पाण्याखालचे फोटो तारखेसह ठेवा. आणि ग्रामसभेचा ठराव जोडाच, त्याचं वजन एकट्याच्या सहीपेक्षा वेगळं असतं. मसुदा लिहिलात की इथे टाका, आम्ही बघतो.

---

बोरघाट

मसुद्यात पहिल्या परिच्छेदातच विनंती नेमकी लिहा: कोणत्या ओढ्यावर, कोणत्या दोन वस्त्यांमध्ये, किती उंचीचा पूल हवा. माहिती अधिकारात त्या रस्त्यावर गेल्या काही वर्षांत मंजूर आणि खर्च झालेली रक्कम मागवून घ्या आणि ते कागद अर्जाला जोडा. @पर्वतीपायथा, सभेच्या दुष्काळी निवेदनांवर तुम्ही वेगळा धागा काढावा ही आग्रहाची विनंती. तालुकावार माहिती कशी गोळा होत होती, ते सविस्तर वाचायचं आहे.

---

पर्वतीपायथा

काढतो. गणेशोत्सवानंतर.